परवाना, पेला आणि विटाळ : वसाहतकालीन मुंबईतील उपाहारगृहांच्या स्वच्छतानियमांचे एक समीक्षण

सारांश : प्रस्तुत लेखात वसाहतकालीन मुंबईतील उपाहारगृहांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्वच्छताविषयक कायद्याची भाषा हा समीक्षेचा विषय मानला आहे. या कायद्याने जागा, अन्न आणि पाणी यांची स्वच्छता पाहिली. मात्र एकाच दुकानात कोणाला कोणत्या पेल्यातून पाणी मिळते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. आरोग्यशास्त्रीय स्वच्छता आणि धार्मिक शुद्धता या दोन भिन्न कल्पना त्यामुळे एकाच परवान्याच्या छायेखाली सुखाने नांदल्या. १९५० चे संविधान व १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम यांनी पेला कायद्याच्या कक्षेत आणला. त्या बदलाचा अर्थ आणि त्याचे अपुरेपण येथे तपासले आहे.

बीजसंज्ञा : मुंबई, उपाहारगृह, परवाना, सार्वजनिक आरोग्य, उपद्रव, अस्पृश्यता.

१. प्रास्ताविक

उपाहारगृहाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना गिऱ्हाईक सहसा वाचत नाही. तो तेथे आहे एवढेच त्याला पुरेसे असते. जागा तपासलेली आहे, अन्न खाण्यास योग्य आहे आणि काही अनिष्ट घडल्यास जाब विचारता येईल, असे आश्वासन तो कागद देतो. परंतु कोणतेही आश्वासन ज्या शब्दांत दिले जाते, त्या शब्दांची मर्यादा हीच त्या आश्वासनाचीही मर्यादा असते. म्हणून स्वच्छतेच्या नियमांकडे केवळ प्रशासनाचा दस्तऐवज म्हणून न पाहता एक संहिता म्हणून पाहणे उपयुक्त ठरते. ही संहिता काय पाहते, काय पाहत नाही आणि न पाहण्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

वसाहतकालीन मुंबईच्या आरोग्यव्यवस्थेवर मोलाचे लेखन झाले आहे. डेव्हिड अर्नोल्ड यांचा वसाहतकालीन वैद्यकावरील ग्रंथ (१९९३), राजनारायण चंदावरकर यांचा प्लेगच्या राजकारणावरील निबंध (१९९२) आणि प्रशांत किदंबी यांचा मुंबईच्या नागरी कारभारावरील ग्रंथ (२००७) ही त्याची ठळक उदाहरणे होत. फ्रँक कॉनलन यांनी मुंबईतील बाहेर खाण्याच्या प्रथेचा स्वतंत्र अभ्यास केला (१९९५). पहिल्या प्रवाहाचा भर घर, रुग्णालय, वस्ती आणि शरीर यांवर आहे. कॉनलन यांचा भर उपाहारगृहाच्या सामाजिक इतिहासावर आहे. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे निरीक्षकाची नोंदवही आणि गल्ल्यामागची फळी यांच्या मध्ये, एक लहानशी वस्तू उभी आहे. ती म्हणजे पेला. प्रस्तुत विवेचनाचा रोख तिच्यावर आहे.

२. नियमांमागील शहर

मुंबईच्या नागरी कायद्याचा पाया १८६५, १८७२ आणि १८८८ या तीन अधिनियमांनी घातला. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये. पाणी, गटारे आणि बाजार यांची व्यवस्था लागत असतानाच सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. ती १९११ मध्ये पुन्हा वाढून ९,७९,४४५ झाली.

ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या पुरुषांची होती. १९११ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साधारण ५३० इतकीच होती. रत्नागिरी, सातारा व देशावरील इतर भागांतून आलेला गिरणी कामगार गाळ्यात पथारी टाकत असे आणि खानावळीत जेवत असे. त्याच्यासाठी बाहेरचे खाणे ही चैन नव्हती, ती निकड होती. गावच्या माणसांच्या किंवा जातीच्या खानावळी, ब्राह्मणी भोजनगृहे, इराण्यांची चहाची दुकाने आणि पुढे माटुंग्याच्या परिसरात स्थिरावलेली उडुपी उपाहारगृहे यांतून शहराचा अन्नव्यवहार आकाराला आला. कियानी (१९०४) किंवा ब्रिटानिया (१९२३) यांसारखी इराणी उपाहारगृहे याच काळातील होत. घराच्या चुलीपासून तुटलेला एवढा मोठा समाज परक्याच्या हातचे खाणार, तेव्हा त्या हातावर देखरेख कोणाची, हा प्रश्न अटळ होता.

त्याचे उत्तर प्रत्यक्षात दोन यंत्रणा देत होत्या. पहिली महानगरपालिकेची होती : परवाना, तपासणी आणि जप्ती. दुसरी जातीची होती : कोणी शिजवले, कोणी वाढले, शेजारी कोण बसले. पहिल्या यंत्रणेचे नियम छापील होते. दुसरीचे नियम छापण्याची कधी गरजच पडली नाही, कारण ते पाठ होते.

३. 'उपद्रव' : डोळा, नाक आणि कान

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांना व्यापक अधिकार दिले. जीविताला, आरोग्याला वा मालमत्तेला धोकादायक अथवा उपद्रवकारक ठरणाऱ्या व्यवसायांना परवाना घ्यावा लागे. विक्रीस ठेवलेल्या खाद्यपदार्थांची तपासणी करता येई आणि ते खाण्यास अयोग्य आढळल्यास जप्त करता येत. मुंबईतील उपाहारगृहांना महानगरपालिकेचा परवाना देण्याची व्यवस्था याच अधिनियमाच्या कलम ३९४ भोवती उभी राहिली.

या सर्व तरतुदींना आधार देणारी कळीची संज्ञा 'उपद्रव' ही आहे. अधिनियमातील तिची व्याख्या बारकाईने वाचण्याजोगी आहे. ज्यामुळे अपाय, धोका वा त्रास होतो. जे दृष्टीला, घ्राणेंद्रियाला किंवा श्रवणाला असह्य होते. ज्यामुळे विश्रांती वा झोप मोडते. जे जीविताला धोकादायक किंवा आरोग्याला व मालमत्तेला अपायकारक असते, ते सर्व उपद्रवात येते. येथे डोळा आहे, नाक आहे, कान आहे. त्वचा मात्र नाही. स्पर्शाचा स्वतंत्र उल्लेख व्याख्येत येत नाही. रोगाच्या संसर्गापुरता तो 'आरोग्यास अपाय' या शब्दांत सामावतो, एवढेच.

इंद्रियांच्या या निवडीला इतिहास आहे. दुर्गंधी व दूषित हवा यांतून रोग उद्भवतो, या एकोणिसाव्या शतकातील समजुतीत नाक हेच आरोग्य अधिकाऱ्याचे मुख्य साधन होते. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याच्या जंतूविषयीचे संशोधन १८८४ मध्ये कलकत्त्यात पूर्ण केले. परंतु कायद्याची भाषा प्रयोगशाळेच्या वेगाने बदलत नसते. चुना लावलेली भिंत, वाहती मोरी, झाकलेले अन्न आणि दुर्गंधीचा अभाव ही दिसणारी व हुंगता येणारी लक्षणे स्वच्छतेची खूण म्हणून टिकून राहिली.

आपल्या समाजातील शुद्धतेची कल्पना याच्या नेमकी उलट, स्पर्शावर उभी होती. विटाळ दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो पाण्याने धुऊन निघेलच असेही नाही. घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या एका हाताने उचलला तर सोवळा, दुसऱ्या हाताने उचलला तर ओवळा. मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये मांडलेले सूत्र येथे साहाय्यक ठरते : मळ म्हणजे आपल्या जागेवर नसलेली वस्तू. हे सूत्र थोडे पुढे नेले तर म्हणता येईल की जातिव्यवस्थेने वस्तूऐवजी माणूसच 'जागेवर नसलेला' ठरवला. ज्या इंद्रियावर विटाळाची सारी इमारत उभी होती, ते इंद्रिय कायद्याने नोंदवलेच नाही.

४. पेल्याचा प्रश्न

या दोन कल्पनांमधील अंतर किती खोल होते, हे खाण्यापिण्याच्या साध्या प्रसंगांतून कळते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये दिलेल्या चहामुळे ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. चहा शिळा होता की पाणी गढूळ होते, असा वाद त्यात कोणी घातला नाही. वाद होता तो चहा कोणाच्या हातचा, एवढाच.

दुसरा प्रसंग मुंबईतील आहे आणि प्राध्यापकवर्गाला तो अधिक जवळचा वाटावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे की, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. शहर मुंबईसारखे आधुनिक, संस्था उच्च शिक्षणाची, आक्षेप घेणारे विद्याविभूषित. महानगरपालिकेचा निरीक्षक त्या कक्षात आला असता तर त्याने भांडे झाकलेले आहे का, पाणी नळाचे आहे का, हे पाहिले असते आणि समाधानाने परत गेला असता. कारण त्याच्या नोंदवहीत ज्या उपद्रवाला रकाना होता, तो येथे घडलाच नव्हता.

परवानाधारक उपाहारगृहाची स्थिती याहून वेगळी नव्हती. वेगळा ठेवलेला पेला, दाराबाहेर दिलेला चहा किंवा ज्याने प्यायला त्यानेच विसळून ठेवायची कपबशी यांपैकी एकाही गोष्टीने स्वच्छतेचा नियम भंग पावत नव्हता. निरीक्षकाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर वेगळा पेलाही स्वच्छ असू शकतो. नियम मोडला जात नव्हता, म्हणून परवाना अबाधित राहत होता. परवाना अबाधित होता, म्हणून दुकान 'योग्य' ठरत होते. कायद्याचे मौन असे अनुमतीचे रूप घेते. जे तपासले जात नाही ते तपासण्याजोगे नाही, असा समज दृढ होत जातो.

हीच गोष्ट कप विसळणाऱ्या पोऱ्याचीही आहे. मोरी वाहती असावी असे नियम सांगतो, पण मोरीपाशी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेला मुलगा त्यात दिसत नाही. दुकाने व आस्थापनांबरोबर उपाहारगृहांतील कामगारांच्या कामाचे तास कायद्याच्या कक्षेत आणणारा मुंबईचा अधिनियम १९३९ मध्ये झाला, म्हणजे १८८८ नंतर अर्धशतकाने. वस्तू आधी, माणूस नंतर, असा हा क्रम आहे.

५. 'सार्वजनिक' या शब्दाचे दोन अर्थ

येथे एक आक्षेप संभवतो. आरोग्याच्या कायद्याकडून सामाजिक न्यायाची अपेक्षा करणे हा कालविपर्यास नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. तथापि, प्रश्न केवळ उद्देशाचा नाही. 'सार्वजनिक' या शब्दाच्या अर्थाचाही आहे.

उपाहारगृह खाजगी मालकीचे असले तरी त्याला परवाना लागतो, कारण तेथे लोक येतात. लोकांच्या आरोग्याला धोका पोहोचू शकतो म्हणून शासनसंस्था आत शिरते. धोक्याच्या दृष्टीने हे स्थळ सार्वजनिक आहे. हक्काच्या दृष्टीने मात्र तेच स्थळ खाजगी मानले जाते : कोणाला आत घ्यावे, कोणाला कोणत्या भांड्यात द्यावे, ही मालकाची मर्जी. एकाच उंबरठ्यावर शब्दाचे दोन अर्थ असे परस्परविरोधी उभे राहतात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ऐतिहासिक ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालवलेल्या, तसेच शासननियुक्त वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असे त्याने सांगितले. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह हा याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता. ठरावाचे मोल निर्विवाद आहे. पण त्यातील 'सार्वजनिक' ची कसोटी निधी आणि ताबा ही होती. परवानाधारक उपाहारगृह सार्वजनिक निधीवर चालत नसल्याने ते या कसोटीत बसत नव्हते. तळ्याचे पाणी हक्काचे ठरले तरी चहाच्या दुकानातील पाणी मर्जीचेच राहिले.

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ची रचना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. त्याच्या पहिल्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येतात; दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादी. शासकीय निधीची किंवा जनतेच्या वापरासाठी समर्पित असण्याची अट केवळ दुसऱ्या भागाला आहे, पहिल्याला नाही. म्हणजे उपाहारगृह सार्वजनिक ठरते ते पैसा कोणाचा यावरून नव्हे, तर दार कोणासाठी उघडले आहे यावरून. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ केवळ प्रवेशापुरता मर्यादित नसून तेथील सेवा मिळण्यापर्यंत व्यापक असल्याचे स्पष्ट केले. प्रवेश म्हणजे सेवा नव्हे, हा भेद त्यांना सिडनहॅमच्या कक्षापासून ठाऊक होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

६. भिंतीवरची पाटी : एका कवितेचे साक्ष्य

शासनाच्या नियमांबरोबरच मुंबईच्या उपाहारगृहांत मालकाचे नियमही असत आणि त्यांची जागा भिंतीवर असे. इराणी दुकानांतील सूचनांच्या पाट्या हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांची इराणी उपाहारगृहातील सूचनांवरची छोटी इंग्रजी कविता अशाच पाटीचे रूप घेते. धोबी तलावाच्या परिसरातील, आता बंद झालेल्या बस्तानी या दुकानातील पाटीवरून ती सुचली, असे सांगितले जाते.

या कवितेचे वाचन बहुधा विनोदाच्या अंगाने होते. भारतीय इंग्रजीची मोडतोड, आज्ञार्थी क्रियापदांची रांग आणि मालकाचा त्रासिक स्वर यांवर वाचक हसतो. हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. थुंकण्यापासून केस विंचरण्यापर्यंतच्या निषेधांची यादी संपत आली असता, कोणत्याही जातीच्या माणसाचे येथे स्वागत आहे, अशा आशयाचे वाक्य त्या पाटीवर येते. स्वच्छतेच्या नियमांच्या रांगेत जातीविषयीचे हे विधान का यावे? कारण दुकानदाराला जे ठाऊक होते ते कायद्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही बोलायचे नव्हते. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात दोन शंका असतात : येथे स्वच्छता आहे का, आणि येथे आपल्याला चालते का? महानगरपालिकेचा परवाना पहिल्या शंकेचे उत्तर देतो. दुसरीचे उत्तर मालकाला स्वतःच्या पाटीवर द्यावे लागले.

अर्थात कविता हा पुरावा नव्हे. पाटीवरचे स्वागत आणि गल्ल्यावरचे वर्तन यांत अंतर असू शकते. शिवाय अशा स्वागतामागे उदारतेइतकाच व्यापारही असतो. इराणी उपाहारगृहांच्या आठवणींत रमणाऱ्या लेखनाने हे भान ठेवले पाहिजे. परंतु त्या वाक्याची गरज पडली, हीच गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वांना प्रवेश गृहीतच असता तर ते लिहावे लागले नसते.

७. मौनाची कारणे आणि नियमांचे श्रेय

उपरोक्त विवेचनावरून वसाहतकालीन नियम निरुपयोगी होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. नळाचे पाणी, गटारे, दूध व मांस यांची तपासणी आणि १९२५ चा मुंबई प्रांताचा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम यांनी शहरातील गरिबाला जे संरक्षण दिले ते नाकारता येत नाही. आरोग्यशास्त्राच्या भाषेत आणखी एक सुप्त शक्ती होती. जंतू जात पाहत नाही. म्हणून जंतूच्या आधारे केलेला नियम तत्त्वतः सर्वांना समान लागू होतो. धुतलेला कप सर्वांसाठी धुतलेला असतो, या साध्या विधानात विटाळाच्या कल्पनेला सुरुंग लावण्याची क्षमता होती.

ही क्षमता वापरली गेली नाही, याचे एक कारण राजकीय होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धार्मिक बाबतींत हस्तक्षेप न करण्याचे धोरण घोषित केले होते. प्लेगच्या काळात घरांची झडती व सक्तीचे स्थलांतर यांवरून जो क्षोभ उसळला, त्यानंतर सरकार अधिकच सावध झाले. दुसरे कारण आपल्याकडेच शोधावे लागते. नगरकारभारात सहभागी असलेला प्रतिष्ठित वर्ग ज्या पंगतीत जेवत होता, ती पंगत मोडण्याची निकड त्याला बहुधा वाटली नाही. वसाहती सत्तेचे मौन आणि स्थानिक अभिजनांची सोय यांची येथे युती झाली. दोष केवळ परक्यांच्या माथी मारून हा हिशेब मिटत नाही.

८. १९५५ नंतर

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ मध्ये दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलगामी आहेत. कलम ४ ने सार्वजनिक उपाहारगृहातील प्रवेशाबरोबरच तेथे लोकांच्या वापरासाठी ठेवलेल्या भांड्यांच्या वापराचाही उल्लेख केला. कलम ८ ने अशा भेदभावाबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीचा संबंधित व्यवसायाचा परवाना रद्द वा निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. १९७६ पासून हाच अधिनियम नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ या नावाने ओळखला जातो.

पेला आणि परवाना या दोन वस्तू येथे एका संहितेत आल्या. वेगळा ठेवलेला पेला कितीही स्वच्छ असला तरी तो परवान्याला बाधक ठरू शकतो, असे या कायद्याने सांगितले. १८८८ च्या व्याख्येत ज्या इंद्रियाला स्थान नव्हते, त्या स्पर्शाची ही उशिरा झालेली नोंद होय.

मात्र ही नोंद दंडविषयक कायद्यात झाली, आरोग्याच्या कायद्यात नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम आणि त्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम यांची वाट वेगळीच राहिली. २०११ च्या परवाना व नोंदणीविषयक विनियमांतील अनुसूची ४ पाणी, भिंती, कीटकनियंत्रण, भांडी आणि अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी यांविषयी तपशिलाने बोलते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु निरीक्षक भांडे स्वच्छ आहे का ते पाहतो. ते सर्वांसाठी एकच आहे का, हे पाहणे त्याचे काम ठरत नाही. त्यासाठी अपमानित झालेल्या माणसाने स्वतः पुढे येऊन तक्रार करायची, साक्षीदार उभे करायचे आणि न्यायालयात गुन्हा सिद्ध करायचा. अस्वच्छ भांड्यासाठी शासन स्वतःहून दाराशी येते. वेगळ्या भांड्यासाठी पीडिताला शासनाच्या दाराशी जावे लागते. वसाहतकालीन नियमांतील दुभंग असा नव्या रूपात शिल्लक आहे.

९. समारोप

स्वच्छता हा शब्द आपण निरपवाद चांगल्या अर्थाने वापरतो. प्रस्तुत विवेचनातून दिसते ते असे की, हा शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरता येतो आणि त्यांची सरमिसळ करणे ज्यांच्या सोयीचे असते, ते ती करतात. 'आम्ही स्वच्छता पाळतो' या वाक्याने जंतूही दूर ठेवता येतात आणि माणसेही. कोणते दूर ठेवले जात आहे, हे ओळखण्यासाठी नियमांची भाषा वाचावी लागते आणि त्या भाषेने गाळलेले शब्दही वाचावे लागतात.

उपाय फार अवघड नाही. उपाहारगृहाच्या परवान्याच्या अटींतच भांडी, आसने आणि सेवा सर्वांना समान असल्याची अट स्पष्टपणे घालावी. तपासणीच्या तक्त्यात तिच्यासाठी एक रकाना ठेवावा आणि ती अट दर्शनी भागात मराठीत लावणे बंधनकारक करावे. पूर्वी जे एखाद्या दुकानदाराने आपल्या मर्जीने पाटीवर लिहिले, ते शासनाने आपल्या शिक्क्यासह लिहावे, एवढीच ही मागणी आहे.

आणि ही मागणी इतरांकडे करण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयांतील उपाहारगृहांकडे, शिक्षककक्षातील पाण्याच्या भांड्याकडे आणि कप विसळणाऱ्या व्यक्तीच्या वेगळ्या ठेवलेल्या कपाकडे एकदा पाहावे. शंभर वर्षांपूर्वी ज्या कक्षात तो आक्षेप घेतला गेला, तो कक्ष अध्यापकांचा होता. त्या आक्षेपाचा पाण्याच्या स्वच्छतेशी काहीही संबंध नव्हता.